गुप्त उपग्रह : झाकले तरी दिसतात!

● नाव : रशियाचे बहुतेक लष्करी उपग्रह 'कॉसमॉस' आणि एक क्रमांक, एवढ्यावरच नोंदले जातात. मालिकेची सुरुवात १६ मार्च १९६२.

● मालिकेतील पहिला हेर : 'कॉसमॉस-४', २६ एप्रिल १९६२. फोटोंची फिल्म कुपीतून जमिनीवर परत येई.

● तळ : उत्तर रशियातील प्लेसेत्स्क. सोव्हिएत सरकारने तो १९८३ मध्ये मान्य केला. इंग्लंडमधील केटरिंगच्या एका शाळेतील शिक्षक जेफ्री पेरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मात्र रेडिओ संकेतांवरून १९६६ मध्येच हुडकला होता.

● पाठलाग : १ ऑगस्ट २०२२ ला सुटलेला 'कॉसमॉस-२५५८' अमेरिकेच्या 'यूएसए-३२६' या हेर उपग्रहाच्या कक्षेजवळ पोहोचला.

● भारत : मुंबईवरील २६/११ हल्ल्यानंतर २० एप्रिल २००९ ला श्रीहरिकोटाहून 'रिसॅट-२' सोडला. त्याचे रडार ढगांतून आणि रात्रीही पाहू शके.

● आपल्या डोक्यावर : ध्रुवीय कक्षेतील उपग्रहाखाली पृथ्वी फिरत राहते. त्यामुळे देवगिरी किल्लाही त्याच्या नजरेतून सुटत नाही. सूर्यास्तानंतर छत्रपती संभाजीनगरच्या गच्चीवरून उत्तर-दक्षिण सरकणारा, न लुकलुकणारा ठिपका दिसला, तर तो असाच एखादा असू शकतो.