अडतंय कुठे?

चेन्नईच्या टी. नगरला लोक जातात ते साड्या आणि सोनं घ्यायला. पाँडी बाजार आणि रंगनाथन स्ट्रीट पाहुण्यांनाही पाठ असतात. याच भागात, जी. एन. चेट्टी रोडवर, मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशनचं कार्यालय आहे. ही संस्था १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांसाठी काम करते. ती शिक्षकांना प्रशिक्षण देते आणि शाळांना रिसोर्स रूम उभारायला मदत करते. तिच्या ‘अनन्या’ केंद्रात मुलं काही काळ शिकतात आणि पुन्हा नेहमीच्या शाळेत जातात.

नोकरीनिमित्त चेन्नईत आलेल्या मराठी घरात शाळेकडून निरोप येतो, ‘तुमच्या मुलाला जादा मदत लागेल.’ मग गावाकडे फोन होतात आणि सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्यातले हे नेहमीचे.

गैरसमज : ‘घरी मराठी, शाळेत इंग्रजी, खाली खेळायला तमिळ. पोराचा गोंधळ उडणारच!’

वस्तुस्थिती : अनेक भाषा कानावर पडल्याने डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली ही अडखळ, होत नाही. मात्र नव्या लिपीतलं चाचपडणं आणि डिस्लेक्सिया या वेगळ्या गोष्टी आहेत. तमिळमध्ये ‘क’ आणि ‘ग’ला एकच अक्षर, ‘प’ आणि ‘ब’लाही एकच. मराठी मूल तिथे चुकलं, तर तो नवखेपणा. डिस्लेक्सिया सहसा मुलाच्या प्रत्येक भाषेत डोकावतो, फक्त रूप बदलतं. इंग्रजीत स्पेलिंग छळतं, मराठीत जोडाक्षरं आणि वेलांट्या. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, उच्चारायची मात्र नंतर! म्हणून तपासणीच्या वेळी घरची भाषा जरूर सांगा, आणि घरातली मराठी बंद करू नका.

गैरसमज : ‘अक्षरं उलटी काढतो, म्हणजे डिस्लेक्सियाच.’

वस्तुस्थिती : लिहायला नुकती लागलेली बरीच मुलं अक्षरं उलटी काढतात. डिस्लेक्सियात मुख्य अडचण डोळ्यांची नसते. बहुतेकदा शब्दातले ध्वनी सुटे करणं आणि ते अक्षरांशी जोडणं जड जातं. ‘कमळमधला क काढला तर काय उरेल?’ असा तोंडी प्रश्नही अशा मुलाला अडवू शकतो.

गैरसमज : ‘बोलायला चुरूचुरू, वाचायला नको. नुसता आळस!’

वस्तुस्थिती : हे कोडं जुनं आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, नजर चांगली, पण वाचता येईना. सगळं तोंडी शिकवलं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरेल, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. वाचनातली अडचण आणि बुद्धी यांची गाठ घालता येत नाही. आळशी ठरवलेलं मूल अनेकदा इतरांहून दुप्पट कष्ट करून अर्धंच वाचत असतं.

गैरसमज : ‘एक शिकवणी लावा, सगळं मार्गी लागेल.’

वस्तुस्थिती : शिकवणीत बहुधा वर्गातलाच धडा पुन्हा होतो. विशेष शिक्षक मात्र मूल जिथे अडलं, त्या पायरीवर मागे जातात. तिसरीतल्या मुलासोबतही ते आधी ध्वनी, मग अक्षर, मग शब्द असं चढत जातात. अक्षर वाळूत गिरवायचं, मोठ्याने म्हणायचं, डोळ्यांनी पाहायचं, असं एकाच वेळी अनेक अंगांनी शिकवतात.

गैरसमज : ‘जादा वर्गाला बसवलं की शिक्का बसला.’

वस्तुस्थिती : मदत लागणाऱ्या प्रत्येक मुलाला अक्षमता असतेच असं नाही. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानेच शिक्षकाचं कर्तव्य ठरवलं आहे. तमिळनाडूत २०२२मध्ये सुरू झालेल्या ‘एण्णुम एळुत्तुम’ या शालेय योजनेत मुलांचे गट इयत्तेपेक्षा पातळीवर ठरतात. त्यांची नावं अरुंबु, मोट्टु, मलर, म्हणजे इवली कळी, मोठी कळी आणि फूल. कळीला कुणी नापास म्हणत नाही.

गैरसमज : ‘अक्षमतेचा दाखला मिळाल्यावर बघू.’

वस्तुस्थिती : २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयींची तरतूद त्यात आहे. २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दाखला वयाची ८ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळत असे. १४व्या आणि १८व्या वर्षी तपासणी पुन्हा होत असे. दाखला सोयींसाठी लागतो, शिकवण्यासाठी नाही. पहिलीतलं मूल अडत असेल, तर मदत पहिलीतच सुरू व्हावी.

तेव्हा शाळेचा निरोप आला की गावाकडे फोन नंतर करा. आधी बाईंना तीन गोष्टी विचारा : मूल नेमकं कोणत्या पायरीवर अडलंय, आठवड्यातून किती वेळ आणि कोण शिकवणार, आणि प्रगती पुन्हा कधी तपासणार? उत्तरं वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या भेटीत गुणपत्रिकेआधी ती वही उघडा.