व्हॉलीबॉलचे पहिले धडे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा तो इतिहासावर असेल असेच त्यांनी गृहीत धरले असावे. परंतु या निवासी शाळेत आमची जितकी वर्षे फळ्यासमोर गेली, जवळजवळ तितक्याच सायंकाळी मैदानावरही गेल्या. क्रीडाशिक्षकाचे पद दीर्घकाळ रिक्त राहिल्याने व्हॉलीबॉलची जाळी आमच्या हाती आली आणि पुढे ती सुटली नाही. या खेळाचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण आम्हांस कोणी दिले नव्हते. जे शिकलो त्यातील बरेचसे चुका करून शिकलो, आणि त्या चुका नव्या शिक्षकांनी पुन्हा करू नयेत एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

पहिली चूक सर्वांत मोठी होती. आम्ही उंच आणि चपळ अशी मुले निवडली, त्यांचा संघ बांधला आणि बाकीच्यांना चेंडू आणून देण्यास मैदानाभोवती उभे केले. त्या सहांतही एक मुलगा कच्चा होता. त्याला मागच्या कोपऱ्यात उभे करीत असू आणि त्याच्या वाट्याचा चेंडू शेजारचा खेळाडू पुढे धावून उचलीत असे. सरावात हे खपून गेले. तालुक्याच्या स्पर्धेत मात्र समोरच्या संघाने चार-पाच सर्व्हिसमध्येच ही फट ओळखली आणि त्यानंतर प्रत्येक सर्व्हिस त्या मुलाच्या अंगावर येऊ लागली. सामना गेला. परतताना एस.टी.त तो मुलगा आम्हांस म्हणाला, “सर, सरावात माझ्याकडं चेंडू येतच नाही.” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. होती ती वस्तुस्थिती त्याने सांगितली, आणि आम्ही पुढचा सबंध रस्ता खिडकीबाहेर पाहत बसलो.

या खेळाची रचनाच अशी आहे की येथे कोणालाही लपविता येत नाही. कबड्डीत एखादा कच्चा गडी चढाईला न पाठविता डाव निभावून नेता येतो. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरून ठेवता येत नाही, एकाच खेळाडूला तो लागोपाठ दोनदा खेळता येत नाही आणि ब्लॉकचा स्पर्श सोडला तर तीन स्पर्शांत तो पलीकडे धाडावाच लागतो. शिवाय प्रतिपक्षाकडून सर्व्हिस जिंकली की सहाही खेळाडूंना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक जागा सरकावे लागते. आज मागे असलेला उद्या जाळीपाशी येतो आणि प्रत्येकाची सर्व्हिसची पाळी येते. हा नियम आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. १९९८ साली आलेल्या लिबेरोच्या नियमाने वरच्या स्तरावर थोडी मोकळीक मिळाली आहे, पण नवशिक्यांच्या वर्गाने तिचा विचार करू नये. येथे सहाही जणांना सर्व काही यावे लागते.

मग शिकवावे कोणत्या क्रमाने? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस आमच्याच विषयाने दिले. १८९५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात होलिओक येथील वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण संचालक विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ तयार केला. जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये चार वर्षांपूर्वी बास्केटबॉल जन्मास आला होता, परंतु मॉर्गन यांच्याकडे येणाऱ्या प्रौढ व्यावसायिकांना त्यातील धावपळ झेपत नव्हती. म्हणून त्यांनी मध्ये जाळी बांधली, धक्काबुक्की काढून टाकली आणि या खेळाला ‘मिंटोनेट’ असे नाव दिले. ती जाळी होती अवघी साडेसहा फूट उंच. खेळाडू कितीही चालत, चेंडूला स्पर्शही कितीही चालत. बास्केटबॉल फार जड आणि त्याचे आतले ब्लॅडर फार हलके, म्हणून या खेळासाठी वेगळा चेंडू करवून घ्यावा लागला. आज ज्याला आपण स्मॅश म्हणतो, ती उंच उभारलेल्या चेंडूवर वरून प्रहार करण्याची रीत फिलिपाईन्समध्ये १९१६च्या सुमारास रुजली. सहा खेळाडूंचा संघ आणि तीन स्पर्शांची मर्यादा हेही त्यानंतरचेच.

म्हणजे पहिली वीस वर्षे हा खेळ कमी उंचीच्या जाळीवर, स्मॅशशिवाय आणि हव्या तितक्या स्पर्शांनी खेळला गेला. आज पुरुषांची जाळी २.४३ मीटर आणि महिलांची २.२४ मीटर असते. बारा वर्षांच्या मुलाला त्या उंचीखाली उभे करणे म्हणजे आरंभीचे प्रकरण वगळून शेवटच्या प्रकरणाची परीक्षा घेणे होय. जाळी खाली घ्यावी, चेंडूतील हवा थोडी कमी करावी, सुरुवातीस चेंडू एकदा जमिनीवर टप्पा पडला तरी चालवून घ्यावा. यात खेळाचा अवमान नाही, खेळ असाच वाढला आहे.

आता गणित पाहू. चाळीस मुले, एक चेंडू आणि तासिकेतील तीस मिनिटे. शिक्षक सहा सेकंदांस एक चेंडू टाकतो असे धरले तरी तीनशे चेंडू होतात. प्रत्येक मुलाच्या वाट्यास सात-आठ. उरलेला वेळ ते रांगेत उभे राहून पुढच्याच्या पाठीवर गुद्दे मारते. तेच चार-चारांचे दहा गट केले आणि प्रत्येक गटास एक चेंडू दिला, तर त्याच वेळात एकेका मुलाचा चेंडूशी संबंध दहापट येतो. दहा अधिकृत चेंडू आमच्याकडे कधीच नव्हते. जत्रेतले रबरी चेंडू, शिवण उसवलेले आणि पुन्हा शिवलेले चेंडू, असे सर्व आम्ही चालवून घेतले. अधिकृत चेंडूचे वजन २६० ते २८० ग्रॅम असते. अगदी नवख्यांना त्याहून हलका चेंडू बरा, कारण पहिल्या आठवड्यात हात दुखला की मूल दुसऱ्या आठवड्यात काही ना काही निमित्त काढून मैदान टाळते.

चेंडू मारण्यास शिकविण्यापूर्वी तो झेलण्यास शिकवावे. हा खेळ झेलण्याचा नव्हे हे खरे, तरीही झेल हीच पहिली कसोटी. पाय खांद्याच्या रुंदीइतके, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर, हात पुढे मोकळे. जोडीदाराने तीन मीटरवरून हळू टाकलेला चेंडू गुडघ्यांच्या समोर, दोन्ही पायांच्या मध्ये येईल अशा रीतीने झेलावयाचा. तो जर शरीराच्या बाजूला झेलला गेला, तर पाय हलले नाहीत हे समजावे. पाय आधी, हात नंतर. आमच्या मते व्हॉलीबॉलमधील निम्म्या चुका हातांत दिसतात आणि पायांत घडतात.

त्यानंतर अंडरआर्म पास. एका हाताची बोटे दुसऱ्या तळहातात ठेवून दोन्ही अंगठे शेजारी शेजारी आणि समांतर ठेवावेत, मनगटे खाली झुकवावीत आणि कोपरे सरळ ठेवावीत. चेंडू लागावयास हवा तो मनगटाच्या वरच्या सपाट भागावर. नवशिका तो मुठींवर किंवा अंगठ्यांवर घेतो आणि चेंडू भलतीकडे उडतो. विशेषतः गावाकडे ज्यांनी शूटिंगबॉल खेळलेला असतो, त्यांचे जोडलेले हात चेंडूवर जोराने जातात. त्या खेळात ते योग्यच आहे, येथे मात्र ती सवय मोडावी लागते. आम्ही जोडीदारास चेंडू हातांत धरून खेळाडूच्या मनगटाच्या वर टेकवावयास सांगतो. खेळाडूने हात न झुलवता केवळ गुडघे सरळ करून तो वर ढकलावयाचा. चेंडूला वर पाठविण्याचे काम पायांनी करावयाचे असते, हात ही केवळ उतरती फळी.

हे शब्दांनी पटत नाही. त्यासाठी एक उपाय आहे. मुलाला वर्गातील बाकाच्या अगदी कडेवर बसवावे. समोरून चेंडू टाकावा आणि चेंडू हाताला लागण्याच्या क्षणी त्याने बाकावरून उठावे. पाच-सहा प्रयत्नांत त्याला स्वतःलाच कळते की हात न उचलताही चेंडू डोक्यावर जातो. बाकाचा हा सराव आम्ही आजही पहिल्या महिन्यात चुकवीत नाही. त्यानंतर उभे राहून, मग एक पाऊल डावीकडे-उजवीकडे सरकून, मग दोन पावले पुढे येऊन. जमिनीवर फक्कीने दीड मीटरचा चौकोन आखावा आणि त्यात उभ्या असलेल्या तिसऱ्या मुलाला जागा न सोडता चेंडू झेलता आला, तरच तो पास मोजावा. टाकणारा, पास देणारा, झेलणारा आणि मोजणारा असे चौघे. दहा चेंडूंनंतर जागा बदलावी. मोजणाऱ्यासही काम आहे : कोपर वाकले की त्याने सांगावयाचे. दुसऱ्याची चूक पाहता येऊ लागली की स्वतःची लवकर सुधारते. हात लाल होतात, दुखतात, आणि मुले ते सांगत नाहीत. म्हणून आरंभी पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालावयास सांगावे.

याच टप्प्यावर आवाज शिकवावा लागतो. दोघांच्या मधोमध चेंडू टाकावा आणि ज्याला तो घ्यावयाचा आहे त्याने स्पर्शापूर्वी “माझा!” असे ओरडावे. न ओरडता घेतलेला पास कितीही सुंदर असला तरी तो मोजू नये. वाचकांस हे किरकोळ वाटेल. परंतु आमच्याकडे वीटभट्टीवरून, ऊसतोडीच्या फडावरून आलेली मुले असतात आणि त्यांतील काही मुले कित्येक आठवडे हा एवढासा शब्द मोठ्याने उच्चारू शकत नाहीत. चेंडू दोघांच्या मध्ये पडतो आणि दोघेही एकमेकांकडे पाहतात. येथे शिक्षकाने घाई करू नये आणि त्या मुलाच्या ऐवजी दुसऱ्यास तर मुळीच उभे करू नये. एस.टी.तील तो प्रसंग आम्हांस येथे नेहमी आठवतो.

डोक्यावरून बोटांनी दिला जाणारा पास, म्हणजे फिंगर पास, अधिक नाजूक. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी यांची कपाळासमोर खिडकी करावी आणि तीतून चेंडू पाहावा. चेंडू बोटांच्या पेरांवर यावा, तळव्यावर नव्हे. तळव्याला लागला की ‘थप्प’ असा आवाज येतो आणि कान असलेला शिक्षक पाठमोरा असतानाही तो ओळखतो. प्रथम खिडकीत चेंडू झेलावा, तेथेच थांबून कोपरे व गुडघे पाहावे आणि मग वर ढकलावा. हळूहळू थांबणे कमी करीत न्यावे. भिंतीपासून एका हाताच्या अंतरावर उभे राहून लहान लहान पास देण्याचा सराव एकट्यालाही करता येतो. अंगठे पुढे काढू नयेत, चेंडू टोकावर बसून ते दुखावतात. आणि नखे कापलेली हवीत. वसतिगृहात ही तपासणी रविवारी होतेच, ती मैदानाच्या कामी येते.

सर्व्हिसची भीती अंतरामुळे असते. मैदान १८ मीटर लांब, म्हणजे मागच्या रेषेपासून जाळी ९ मीटर दूर. मुलाला तेथे उभे केले की ते ताकद लावते आणि चेंडू एक तर जाळीत जातो, नाहीतर बाहेर. म्हणून जाळीपासून ३ मीटरवर असलेल्या आक्रमण रेषेवरून आरंभ करावा. उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा पाय पुढे. डाव्या हातावरचा चेंडू उंच न उडवता किंचित सोडावा आणि तळहाताच्या मनगटाजवळील भागाने खालून मारावा. लागोपाठ पाच चेंडू पलीकडे गेले की एक पाऊल मागे, दोन चुकले की एक पाऊल पुढे. कोणी मागच्या रेषेवर पंधरा दिवसांत पोहोचतो, कोणाला दोन महिने लागतात. डोक्यावरून मारण्याची सर्व्हिस त्यानंतर.

हे सर्व सुटे सुटे शिकवीत राहिलो तर मुले कंटाळतात आणि ते योग्यच आहे. त्यांना खेळावयाचे असते. ९ मीटर रुंदीच्या जाळीखाली फक्कीने तीन पट्टे आखले की तीन छोटी मैदाने मिळतात. लांबी जाळीच्या दोन्ही बाजूंस सहा-सहा मीटर पुरे. दोघांविरुद्ध दोघे, म्हणजे एका जाळीवर बारा मुले-मुली एकाच वेळी खेळतात आणि दोघांच्या संघात कोणी कोपऱ्यात उभे राहूच शकत नाही. पाच मिनिटांनी जोड्या बदलाव्यात. गुण कसे द्यावेत याबाबत आमचा एक हट्ट आहे : तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे गेला तर दोन गुण, एका फटक्यात ढकलला तर एक. असे न केल्यास पासऐवजी केवळ ढकलाढकली उरते.

मागच्या फळीचे महत्त्व पटविण्यासाठी आम्ही वर्गात १९६४ची टोकियो ऑलिंपिक स्पर्धा सांगतो. व्हॉलीबॉलचा ऑलिंपिकमध्ये समावेश झालेले ते पहिलेच वर्ष. सुवर्णपदक मिळविणाऱ्या जपानी महिला संघातील बहुतेक खेळाडू निचिबो या एकाच कापड उद्योगातील कामगार होत्या. जमिनीलगतचा चेंडू उचलून, अंग लोळवून लगेच उभे राहण्याचे त्यांचे तंत्र जगाने नंतर उचलले. त्यांचे प्रशिक्षक हिरोबुमी दाईमात्सू यांची कठोरता मात्र वाढत्या वयाच्या मुलांवर लादू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्मॅश शेवटी. मुलांना तोच पहिल्या दिवशी हवा असतो, म्हणून तो चार महिने लांबणीवर टाकणे ही शिक्षकाचीच परीक्षा असते. प्रथम टेनिसचा चेंडू घेऊन, उजव्या हाताच्या खेळाडूने डावे-उजवे-डावे अशी पावले टाकीत उडी मारावी आणि तो जाळीवरून खाली फेकावा. उतरताना दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरावे. एका पायावर उतरणाऱ्यास तेथेच थांबवावे. पावलांची लय बसल्यावरच व्हॉलीबॉल हाती द्यावा.

पावसाळ्यात मैदान चिखलाचे होते, तेव्हा व्हरांड्यात भिंतीवरचे पास आणि बाकावरून उठण्याचा सराव चालू ठेवता येतो. जाळी मात्र पहिल्या पावसाआधी उतरवून, वाळवून ठेवावी. आमची एक जाळी उंदरांनी कुरतडली, ती मुलांनी सुतळीने विणून पुढे तीन वर्षे वापरली.