खोटा इशारा कसा रोखावा?

टाकी भरलेली असते, फ्लोट स्विच उघडा असतो; तरी शेजारची मोटर बंद होताच मायक्रोकंट्रोलरला टाकी रिकामी वाटते. असे का होते? स्विचची लांब तार अँटेनासारखी वागते. पिन ४७ किलोओहमच्या रोधकाने ५ व्होल्टला जोडलेली असेल आणि तारेत ०.१ मिलिअँपिअर उपद्रवी प्रवाह शिरला, तर ओहमच्या नियमानुसार रोधकावरच ४.७ व्होल्ट खर्ची पडतात. पिनवर उरतात ०.३, म्हणजे जणू स्विच मिटलाच! रोधक १ किलोओहमचा घेतल्यास घट फक्त ०.१ व्होल्ट होते.

पुढे १० किलोओहमचा रोधक व ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र जोडावे. त्यांचा कालस्थिरांक १ मिलिसेकंद. मायक्रोसेकंदांचे झटके त्यात विरतात. संथ झालेला संकेत श्मिट ट्रिगरमधून न्यावा. शेवटी १० मिलिसेकंदांच्या अंतराने पाचदा पिन वाचावी. पाचही वेळा उत्तर तेच आले, तरच पंप सुरू करावा.