संगणकाची कार्यप्रणाली बदलण्यास मन कां कचरतें?

संगणकाचें सर्व काम जिच्या आधारें चालतें, तिला ऑपरेटिंग सिस्टिम अथवा कार्यप्रणाली म्हणतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ती बहुधा विंडोज असते. तिच्या दहाव्या आवृत्तीची नेहमींची मोफत देखरेख मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. अकरावी आवृत्ति तर पुष्कळ जुन्या यंत्रांना मानवतच नाहीं. याउलट लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते व जुन्या यंत्रांवरहि चालते. फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा रचला. असें असतां लोक तिच्याकडे कां वळत नाहींत?

हा केवळ आळस होय, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पहिलें कारण, कष्टानें मिळविलेली विद्या. महाराष्ट्रांत २००१ सालीं सुरू झालेला एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रम मुख्यत्वें विंडोजवरच शिकविला गेला. एटापल्ली-भामरागडच्या रानांतून तालुक्यास येऊन, फी भरून, नोकरीच्या आशेनें ज्यानें तो पुरा केला, त्यास ही प्रणाली सोडण्यास सांगणें म्हणजे पदरचें भांडवल टाकण्यास सांगणें होय.

दुसरें कारण, जुनीं कागदपत्रें. कृतिदेव, श्री-लिपि अशा जुन्या फाँटांतील मराठी मजकूर यंत्राच्या पोटांत इंग्रजी अक्षरांच्या खुणांनीं सांठविलेला असतो. तो फाँट नसला कीं दाखले व प्रश्नपत्रिका अर्थहीन दिसूं लागतात.

तिसरें कारण, सोबत. अडल्यास शेजाऱ्यास विचारतां यावें, ही प्रत्येकाची इच्छा असते. जेथें दुरुस्ती करणारा कोसांवर राहतो व इंटरनेट वारंवार तुटतें, तेथें एकटें पडण्याचें भय खोटें नव्हे.

परंतु वाट काढतां येते. केरळ राज्यानें शिक्षकांस आधीं शिक्षण दिलें, मल्याळम भाषेची सोय केली, आणि मग शाळांतून लिनक्स रूढ केलें. आधीं सोबती तयार केल्यामुळेंच तें साधलें.

विद्यार्थीमित्रहो, जुन्या द्राक्षारसाची गोडी लागलेल्यास नवा लागलाच रुचत नाहीं, हा मनुष्यस्वभाव प्रभु येशूनेंहि ओळखला होता, असें लूकच्या शुभवर्तमानांत दिसतें. म्हणून कोणाच्या भीतीस हंसूं नका. प्रथम मराठी युनिकोडमध्यें लिहावयास शिका. मग विंडोजवरच लिब्रेऑफिस वापरून पाहा. पुढें पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा, त्यासाठीं जुनें कांहींच पुसावें लागत नाहीं. आणि जें शिकाल तें शेजाऱ्यास शिकवा. कारण नव्या वाटेचें भय सोबत्यानेंच कमी होतें.