जुन्या स्पोर्ट्‌स कारमधील ‘एबीएस’ काढून टाकावे का?

बेंगळुरू : जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या बाजारापासून शहराच्या बाह्य वळण रस्त्यालगतच्या गॅरेजांपर्यंत, जुन्या वेगवान मोटारींना नवे रूप देणाऱ्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. इंजिनाची ताकद वाढवली, सस्पेन्शन खाली घेतले, मोठ्या डिस्क बसवल्या. आता वीस वर्षांपूर्वीची, अधूनमधून डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटवणारी अँटी-लॉक ब्रेकिंग प्रणाली, म्हणजेच एबीएस, ठेवायची की काढून टाकायची? वजन घटेल, पॅडलखाली ब्रेकची ‘खरी’ जाणीव मिळेल आणि एक दुखणे कायमचे संपेल, अशी कारणे दिली जातात. त्यांत काही तथ्य आहे. तरीही सार्वजनिक रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या बाबतीत उत्तर जवळपास नेहमीच नकारार्थी येते. त्यामागे कायदा आहेच. पण त्याहून मोठे कारण मागच्या चाकांवरील ब्रेकच्या दाबात दडलेले आहे.

मुळात टायरची पकड सर्वाधिक असते ती चाक फिरत असताना आणि रस्त्यावर किंचित घसरत असताना. कोरड्या डांबरावर ही घसरण साधारण १० ते २० टक्क्यांची असते. ब्रेक त्याहून जोरात दाबला की चाक जाम होते, पकड घटते आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरत जाते. एबीएसमध्ये प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. एखादे चाक इतरांपेक्षा अचानक मंदावले, की नियंत्रक त्या चाकाचा दाब क्षणभर सोडतो, पुन्हा वाढवतो आणि हे चक्र सेकंदात अनेकदा चालते. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९७८ मध्ये या प्रणालीचे व्यावसायिक उत्पादन सुरू केले आणि मर्सिडीजच्या एस-क्लास मोटारीत ती प्रथम मिळू लागली. याच कंपनीचे भारतातील मुख्यालय बेंगळुरूच्या आडुगोडी भागात आहे.

आता मागच्या चाकांकडे वळू. ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. त्यांना पुढच्याइतकाच दाब मिळाला, तर ती आधी जाम होतात. पुढची चाके जाम झाली, तर गाडी वळत नाही. मागची आधी जाम झाली, तर ती स्वतःभोवती गिरकी घेते. दुसरी अवस्था कितीतरी अधिक घातक. म्हणून एबीएस नसलेल्या गाड्यांत मागचा दाब मर्यादित ठेवणारा यांत्रिक व्हॉल्व्ह बसवलेला असे. एबीएसबरोबर ईबीडी, म्हणजे ब्रेकच्या दाबाची इलेक्ट्रॉनिक वाटणी, आली तेव्हा अनेक उत्पादकांनी हा व्हॉल्व्ह वगळला. त्याचे काम एबीएसचाच ठोकळा करू लागला. अशा गाडीतून तो ठोकळा काढून नळ्या थेट जोडल्या, तर मागच्या चाकांना आवरणारे काहीच उरत नाही. फ्यूज काढून ठेवण्याची ‘सोपी’ युक्तीही याच कारणाने घातक ठरू शकते. त्यात मालकाने मागे मोठ्या डिस्क बसवल्या असतील किंवा सस्पेन्शन बदलले असेल, तर कारखान्यात जुळवलेला समतोल आधीच बिघडलेला असतो.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे २००१ पासून जोडणी झालेली स्कोडा ऑक्टाव्हिया आणि तिची टर्बो पेट्रोल ‘आरएस’ आवृत्ती ही हौशी मंडळींची जुनी आवड. अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ब्रेकच्या नळ्या बहुधा तिरप्या जोडलेल्या असतात : पुढचे डावे चाक मागच्या उजव्याशी आणि पुढचे उजवे मागच्या डाव्याशी. त्यामुळे मागच्या दाबासाठी बाजारातून एखादा समायोजनाचा व्हॉल्व्ह आणून लावला, असे करून भागत नाही; दोन्ही मंडले स्वतंत्र राखणारी रचना लागते. ते न समजता दोन्ही मागच्या नळ्या एका जोडात आणल्या, तर एक नळी फुटल्यावर उरलेल्या ब्रेकचा आधारही जातो. या कामासाठी मेकॅनिकचा हात कुशल असणे पुरेसे नाही, त्याला आकडेमोडही यावी लागते. तशी गॅरेजे थोडी.

एबीएस काढू पाहणाऱ्यांची तक्रार मात्र सरसकट खोटी नाही. जुन्या प्रणालीचे चक्र मंद असते. मऊ रबराच्या आधुनिक टायरांशी तिचे जमत नाही आणि खडबडीत रस्त्यावर ती दाब गरजेपेक्षा लवकर सोडते. खडी किंवा सैल मातीवर जाम झालेले चाक पुढे मातीचा बांध रचते आणि गाडी लवकर थांबते. तिथे एबीएसने अंतर वाढू शकते. पण बऱ्याच वेळा दोष प्रणालीचा नसून केलेल्या बदलांचा असतो. पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्याच मापाचे टायर असतील, तर चाकांच्या फिरण्याचा वेग वेगळा येतो आणि नियंत्रकाची फसगत होते. हब बदलताना सेन्सरसमोरची दातेरी कडी वेगळ्या दात्यांची लागली, तरी तेच. सेन्सरवरचा गंज, तुटकी तार, कमकुवत बॅटरी, ठोकळ्यात अडकलेली हवा हीही नेहमीची कारणे. योग्य निदानयंत्र लावले, तर यातले बरेचसे दोष ठोकळ्याला हात न लावता सापडतात.

वजनाचा मुद्दा फारसा टिकत नाही. पहिल्या पिढीचा ठोकळा सहा किलोंहून अधिक होता. पुढच्या पिढ्यांत तो कितीतरी हलका झाला. तेवढे वजन स्टेपनी घरी ठेवूनही वाचते.

शर्यतीचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. फॉर्म्युला वनने १९९४ च्या हंगामापासून एबीएसवर बंदी घातली, हे खरे. पण चालकाचे कौशल्य यंत्राआड झाकले जाऊ नये हा त्यामागचा हेतू होता, एबीएस निरुपयोगी ठरले म्हणून नव्हे. जीटी३ वर्गातील शर्यतीच्या गाड्यांत आजही एबीएस असते. शिवाय ट्रॅकवर चालकाला ब्रेक कुठे लावायचा ते ठाऊक असते. बाह्य वळण रस्त्यावर समोरून अचानक आडवा येणारा दुचाकीस्वार तशी सूचना देत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी चांगल्या पकडीत सुमारे ३२ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर चाके जाम होऊन पकड निम्मी झाली, तर हेच अंतर दुप्पट होते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत गेलेले अंतर यात धरलेले नाही. एक सेकंदाचा विलंब म्हणजे आणखी २२ मीटर.

कायद्याचे म्हणावे तर भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना एबीएस बंधनकारक आहे. त्याआधीच्या गाडीला ही अट नव्हती, असा युक्तिवाद मालक करतात. मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून दूर नेणाऱ्या बदलांना मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. नोंदणी प्रमाणपत्रावर एबीएसचा उल्लेख नसतो, हे खरे; पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक प्रमाणपत्रापुरता थांबत नाही, तो गाडीच्या खाली वाकून पाहतो. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीला नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणीलाही सामोरे जावे लागते.

नंदी हिल्सच्या उतारावर ब्रेक ‘संपतात’ ही तक्रार तर एबीएसशी संबंधितच नाही. ती तापलेल्या पॅडची आणि जुन्या ब्रेक ऑइलची आहे. हे द्रव हवेतील ओलावा शोषते, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, उष्णतेने त्यात वाफ धरते आणि पॅडल जमिनीला टेकते. दर दोन वर्षांनी द्रव बदलणे आणि चांगले पॅड लावणे हा स्वस्त उपाय आहे.

ज्यांची गाडी खरोखर केवळ ट्रॅकसाठी आहे आणि जी बेंगळुरूहून सुमारे ३०० किलोमीटरवरील चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील सर्किटवर ट्रकवर चढवूनच नेली जाते, त्यांच्यापुरता प्रश्न वेगळा आहे. तिथेही एबीएस काढल्यावर योग्य मापाचा मास्टर सिलिंडर, मागच्या दाबाचा नियंत्रक व्हॉल्व्ह आणि नव्याने बनवलेल्या नळ्या लागतात. त्यानंतर मोकळ्या, बंदिस्त जागेत आधी कमी वेगाने आणि मग ओल्या पृष्ठभागावर जोरात ब्रेक लावून पाहायचे : चारही चाकांपैकी पुढची आधी जाम होतात का. बाहेर उभ्या असलेल्या सहकाऱ्याला ते डोळ्यांनी दिसते. मागची आधी झाली, तर मागचा दाब कमी करून पुन्हा पहिल्यापासून.