वाईन मागवताना : भंडाऱ्याहून नागपूर-नाशिकला जाणाऱ्यांसाठी

भंडारा जिल्ह्यातला माणूस नागपूरला जातो तो बहुधा कामानं. दवाखाना, कोर्ट, लग्नाचा बस्ता, पोराची ॲडमिशन. काम आटोपलं की कुणीतरी म्हणतं, आज जरा बऱ्या ठिकाणी जेवू. तिथं मेन्यूकार्डाच्या शेवटी वाईनची दोन पानं निघतात आणि टेबलावर शांतता पसरते. बिअर-व्हिस्कीचा हिशेब आपल्याकडं बऱ्याच जणांना तोंडपाठ असतो, वाईनपाशी मात्र गाडी अडते. मग मान राखायला कुणी सगळ्यात महाग रेड वाईन मागवतं, किंवा खिसा राखायला सगळ्यात स्वस्त. पुढं सावजी मटण येणार असेल तर या दोन्ही बाटल्या चुकीच्या निघण्याचीच शक्यता जास्त. का ते पुढं येईलच, पण सुरुवात दारापासून करू.

हॉटेलात वाईन मिळायची तर त्या हॉटेलाकडं राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. असा परवाना असलेल्या हॉटेलाच्या पाटीवर बहुधा 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. परवाना नसलेल्या भोजनालयात मालक वाईन देऊ शकत नाही, आणि आपण पिशवीतून नेलेली बाटली तिथं उघडणं हाही गुन्हाच. राष्ट्रीय महामार्गावरच्या ढाब्यांवर सर्रास काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण छापा पडला तर मालकाबरोबर गिऱ्हाईकही अडकतं. नागपुरातली कितीतरी उत्तम सावजी भोजनालयं बिनापरवान्याची, निव्वळ जेवणाची आहेत. तिथं पाणी प्यावं आणि जेवणावर लक्ष द्यावं, तेच शहाणपणाचं.

दुसरा कागद पिणाऱ्याचा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, त्यामुळं कागदोपत्री दारू पिण्याचा परवाना प्रत्येकाकडं असावा लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म असा मिळतो. गंमत म्हणजे प्रकृती सांभाळण्यासाठी दारू लागते, या कारणाखाली तो दिला जातो. एका दिवसाचा परवाना नाममात्र पैशांत मिळतो आणि परमिट रूमवाले त्याची पुस्तकं ठेवतात. वाईन आणि बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. निघण्याआधी त्या दिवशी ड्राय डे नाही ना, हेही बघावं. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ठरलेले; निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही बंद.

आता ती दोन पानं. वाईन म्हणजे द्राक्षाचा रस आंबवून केलेलं पेय, एवढंच. मोहाची फुलं आंबवून पुढं भट्टीवर चढवतात, वाफ गोळा करतात, म्हणून ती दारू कडक होते. वाईनमध्ये भट्टीची पायरी नाही. यीस्ट द्राक्षातली साखर खातं, तिचं अल्कोहोल करतं, आणि साधारण १२ ते १४ टक्क्यांवर गोष्ट थांबते. रेड आणि व्हाईट यांतला फरक मुख्यतः सालीचा. द्राक्षाच्या गराचा रस बहुतेक वेळा बिनरंगीच असतो. साल-बियांसकट आंबवला तर रंग आणि टॅनिन उतरतं, ती रेड. रस आधी पिळून वेगळा केला तर व्हाईट. काळ्या द्राक्षाची साल थोडाच वेळ रसात ठेवली तर गुलाबी रोझे.

यादीत भारतीय नावं आधी वाचावीत. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात इंडेज ही वायनरी उभी केली. नाशिकला राजीव सामंतांच्या सुलाची पहिली वाईन २००० साली आली, आणि २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. त्यानंतर नाशिक भागात वायनरी वाढत गेल्या. अकलूजकडं फ्रातेल्ली आहे. परदेशी बाटलीवर आयात शुल्काचा बोजा असतो, त्यामुळं त्याच पैशांत देशी वाईन बहुधा बरी मिळते. शिवाय ती दूरवरून, उन्हातान्हात गोदामं फिरत आलेली नसते.

नावाखालचं वर्ष हे द्राक्ष तोडणीचं वर्ष. इथं आपल्याकडचा एक वेगळेपणा कामाचा आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला होते. महाराष्ट्रात वेल झोपत नाही, म्हणून त्याची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, पावसाळा संपताना फळछाटणी. पीक हिवाळ्यात भरतं आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे कार्डावर यंदाचं वर्ष लिहिलेलं दिसलं तर तो छपाईचा घोळ नसतो, मार्चात तोडलेल्या द्राक्षांची व्हाईट वर्षअखेरीला प्यायला तयार असते. आपल्याकडच्या नेहमीच्या व्हाईट आणि रोझे साठवायच्या वाईन नव्हेत. त्यांतली जितकी ताजी, तितकी बरी. जुनी म्हणजे भारी, हा समज काही मोजक्या रेड वाईनपुरताच खरा.

किती मागवावी, हा प्रश्न चवीइतकाच महत्त्वाचा. बाटली ७५० मिलिलिटरची, हॉटेलातला ग्लास साधारण १५० मिलिलिटरचा, म्हणजे एका बाटलीत पाच ग्लास. ग्लासाच्या दराला पाचानं गुणून बाटलीचा दर बघावा. चौघं पिणारे असतील तर बाटलीच परवडते. ग्लासानं घ्यायची असेल तर 'बाटली कधी उघडली?' असं सरळ विचारावं. उघडलेली वाईन फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, नंतर हवेनं तिचा जीव जातो. चार दिवसांपूर्वी उघडलेल्या बाटलीतला शेवटचा ग्लास आपल्या वाट्याला येऊ नये.

आणि वाईन म्हणजे सरबत, असं समजणाऱ्यांसाठी थोडं गणित. १३ टक्क्यांच्या १५० मिलिलिटर वाईनमध्ये सुमारे साडेएकोणीस मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये जवळपास तेरा. म्हणजे वाईनचा एक ग्लास हा दीड छोटा पेग. अख्खी बाटली म्हणजे पावणेचारच्या वर मोठे पेग. 'हलकी असते' म्हणत एकट्यानं बाटली रिचवणाऱ्याची दुसऱ्या दिवशीची सकाळ हलकी नसते.

बाटली टेबलावर आली की एक छोटा विधी होतो आणि आपले लोक इथंच अवघडतात. वेटर आधी लेबल दाखवतो. नाव आणि वर्ष मागवलेलंच आहे ना, एवढं बघून मान हलवायची. मग तो बाटली उघडतो. बऱ्याच भारतीय बाटल्यांना हल्ली बुचाऐवजी फिरकीचं झाकण असतं; ते कमी दर्जाचं लक्षण नव्हे, उलट आपल्या हवेत ते जास्त भरवशाचं. मग तो ग्लासात घोटभर ओततो आणि थांबतो. ही आवड-निवड विचारायची वेळ नाही. वाईन खराब झालेली नाही ना, एवढंच तपासायचं असतं. ग्लास हलकेच फिरवून नाक जवळ न्यावं. ओल्या, कुबट पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलेलं. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, किंवा व्हाईट वाईन तपकिरीकडं झुकलेली दिसली, तर तिला हवा लागलेली. नागपूर-भंडाऱ्याचं तापमान उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जातं, त्या दिवसांत टेम्पोत किंवा गोदामात तापलेली बाटली शिजल्यासारखी लागते. कधी बूच वर आलेलं दिसतं. यातलं काहीही असेल तर बाटली परत द्यावी, चांगलं हॉटेल कुरकुर न करता बदलून देतं. पण वास-चव ठीक आहे आणि फक्त आपल्याला रुचली नाही, तर ती बाटली आपलीच.

घोट चाखून झाला की 'ठीक आहे' म्हणावं. वेटर आधी इतरांना ओततो, मागवणाऱ्याला शेवटी. तो ग्लास अर्ध्याच्या आत भरतो, त्याला कंजूषपणा समजू नये. वास साठायला जागा लागते.

तापमानाबद्दल मात्र अडून बसावं. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा नियम थंड देशांतल्या दगडी घरांचा आहे. तिथली खोली म्हणजे १६-१८ अंश. आपल्याकडं एप्रिलात कपाटातली बाटली तिशीच्या वर असते आणि त्या उष्णतेत रेडमधलं अल्कोहोल नाकात झोंबतं. रेडसुद्धा वीस-पंचवीस मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगावी, संकोच नको. व्हाईट आणि रोझे ८ ते १२ अंशांवर. ग्लासात बर्फ टाकू नये, वाईन पाणचट होते. बादलीत बर्फाबरोबर पाणीही असावं, नुसत्या बर्फानं बाटली लवकर गार होत नाही.

आता जेवण. विदर्भातल्या ताटाचा विचार केल्याशिवाय वाईन निवडणं व्यर्थ आहे, आणि मोठ्या शहरांतल्या सल्लागारांचे सल्ले इथं सपशेल पडतात. 'मटणाबरोबर रेड' हे सूत्र फिक्या, भाजलेल्या मटणाचं आहे. हलबा कोष्ट्यांच्या घरांतून आलेल्या सावजी रश्श्यात लवंग, मिरे, दगडफूल, खसखस आणि सढळ तिखट असतं, वर तेलाची तर्री. तिखटानं जीभ आधीच पेटलेली असते. अल्कोहोल ती जळजळ वाढवतं. भरीला रेडमधलं टॅनिन, कच्च्या जांभळानं जीभ आवळते तशी आवळणारं. तिन्ही एकत्र आले की तिसऱ्या घासाला वाईन कडू लागते आणि रस्सा नुसताच जाळतो. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींना मारतात, आणि बिल दोन्हींचं येतं.

सावजीबरोबर हवी ती गार, कमी अल्कोहोलची, किंचित गोडीची वाईन. गोडी तिखटाला लगाम घालते, आंबटपणा तेल कापतो. नाशिककडची शेनिन ब्लाँ ही व्हाईट या कामाला नेमकी बसते. तिच्यात बऱ्याचदा थोडी साखर राखलेली असते. रिस्लिंग मिळाली तर तीही चालेल. अगदी सुकी, म्हणजे साखर नसलेली वाईन या रश्श्यापुढं टिकत नाही. वेटरला 'ड्राय आहे की थोडी गोड?' असं विचारलं की पुरतं.

वैनगंगेचे झिंगे किंवा तलावातला मासा तळून आला असेल, तर सोविन्यों ब्लाँ घ्यावी. तिचा हिरवट, लिंबाजवळचा आंबटपणा तळणाला उत्तम. पाटवडी रस्सा असेल तर रोझे: बेसनाला व्हाईट कमी पडते, तर्रीला रेड जास्त होते. सांबारवडी, भजी, पापड अशी सुरुवातीची तळणं स्पार्कलिंगबरोबर मस्त जातात, बुडबुडे तेलकटपणा धुऊन नेतात. आणि रेडच प्यायची हौस असेल तर ती तंदूरमधल्या कमी तिखट मटणाबरोबर प्यावी, आधी रेड आणि मग सावजी असा क्रम ठेवावा. शेवटी चिन्नोरचा भात-वरण येईल तेव्हा ग्लास बाजूला सारावा. त्या तांदळाच्या सुवासावर दुसरा वास चढवणं हे पाप आहे, असं माझं मत.

बिल नीट वाचावं, कारण त्यात दोन वेगळे कर असतात. दारू जीएसटीत येत नाही. तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो, आणि परमिट रूमसाठी तो १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्क्यांवर नेला गेला. जेवणावर जीएसटी: नेहमीच्या हॉटेलात ५ टक्के, बड्या तारांकित हॉटेलांत १८. वाईनच्या रकमेवर जीएसटी लावला असेल तर ती चूक, काढायला लावावी. बाटलीवरच्या एमआरपीहून दर जास्त असतो, त्यावर मात्र भांडण्यात अर्थ नाही. हॉटेल जागा आणि सेवाही देतं, त्यामुळं एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. दुकानातल्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट दर नेहमीचाच. सर्व्हिस चार्जचं उलट आहे. तो बिलात आपोआप जोडता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. सेवा आवडली तर आपल्या हातानं टिप द्यावी. बिलातून सर्व्हिस चार्ज काढत नसतील तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

नाशिकला गेलेल्यांना तिथून बाटल्या आणायचा मोह होतो. येताना रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो आणि तिथं दारूबंदी आहे. गडचिरोलीतही १९९३ पासून आहे. दुकानाची पावती आणि आपला परवाना जवळ ठेवावा, आणि वाहतुकीचे नियम निघण्याआधीच उत्पादन शुल्क खात्याला विचारून घ्यावेत. आणलेली बाटली घरी उभ्या उन्हाच्या खिडकीत किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नये. सगळ्यात गार, अंधारी खोली बघावी.

परतीचा प्रवास जेवायला बसण्याआधीच ठरलेला असावा. नागपूर ते भंडारा साठेक किलोमीटर, आणि १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्यानं पहिल्याच वेळेला १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दोन ग्लासांत ती मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. गाडी चालवणारा न पिणारा असावा, नाहीतर नागपुरातच मुक्काम करावा. रेल्वेनं यायचं ठरलं तर एक लक्षात ठेवावं: भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे, गावात नाही. रात्री तिथून घरी कसं जायचं, याचा बंदोबस्त सकाळीच करून निघावं.