चौदा सुरांसाठी

पहिल्या दिवशी मी सगळ्यात जास्त वेळ ट्यूबावाल्याकडे बघत होते. स्टेजवर साठ-सत्तर माणसं वाजवत होती आणि हा गृहस्थ पितळेचं ते अवजड वाद्य मांडीवर घेऊन गप्प बसला होता. तालीम द्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीची, 'फ्रॉम द न्यू वर्ल्ड'ची. चाळीसेक मिनिटांच्या या रचनेत ट्यूबाच्या वाट्याला एकूण चौदा सूर येतात, सगळे दुसऱ्या भागात आणि तेही बास ट्रॉम्बोनच्या जोडीने. पहिला भाग तो ऐकतो. तिसरा ऐकतो. बाकीची पितळी वाद्यं ज्यात पेटून उठतात तो चौथा भागही ऐकतो. झांजेचं तर याहून अवघड आहे: सबंध सिम्फनीत तिचा एकच आघात, चौथ्या भागात, आणि तोही हलका. चुकला तर दुसरी संधी नाही.

एका परिचितांच्या ओळखीने मला चार दिवस या तालमींना मागच्या रांगेत बसायची परवानगी मिळाली होती. सप्टेंबर होता, गणपती तोंडावर आले होते. नरिमन पॉइंटच्या टोकाला असलेल्या एनसीपीए या कलाकेंद्रात जायचं म्हणजे चर्चगेटला उतरून समुद्राच्या दमट वाऱ्यात चालायचं. वाटेत पाठीवर व्हायोलिनच्या पेट्या घेतलेली तरुण मुलंमुली भेटायची. तिथलं जमशेद भाभा थिएटर १९९९ सालचं, अकराशेच्या आसपास खुर्च्यांचं. आत पाऊल टाकताच एअरकंडिशनरचा कोरडा गारवा अंगावर येतो. माणसाला तो बरा वाटतो, वाद्याला नाही. बाहेरच्या दमटपणात फुगलेलं लाकूड आत आकसतं, तारा उतरतात. म्हणून वादक अर्धा-पाऊण तास आधी येऊन पेटी नुसती उघडून ठेवतात. ओबोवाल्यांचं दुखणं वेगळं. बोरूच्या दोन पातळ पात्यांची रीड ते स्वतः चाकूने तासून घडवतात आणि मुंबईच्या हवेत कालची चांगली रीड आज बोलेनाशी होते. एक जण पाण्याच्या छोट्या डबीत रीडा भिजत घालून एकेक ओठांत धरून बघत होता. पाचव्या रीडला त्याचा चेहरा सैल झाला.

मग तो ओबो एकच सूर धरतो, ज्याला ही मंडळी 'ए' म्हणतात, आणि सगळा ऑर्केस्ट्रा त्याला जुळवून घेतो. आपल्याकडे गायक आपला सा ठरवतो आणि तानपुरा त्याच्याकडे येतो. इथे सगळ्यांनी एकाच्या सुराकडे जायचं. ते अर्धं मिनिट मला मैफलीइतकंच आवडतं.

हा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली उभा राहिला. एनसीपीएचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेंगालिएव या दोघांनी तो उभा केला. वर्षाचे दोन सीझन, फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमाराचे. मुंबईत राहणारा वादकांचा एक गाभा आहे. सीझन आला की बाहेरदेशचे वादक येऊन खुर्च्या भरतात. त्यांत कझाकस्तानचे बरेच. व्हायोलिनवाले दोघादोघांनी एका स्टँडवर बसतात. प्रेक्षकांच्या बाजूचा वाजवत राहतो, आतल्या बाजूचा क्षणभर थांबून पान उलटतो. त्या स्टँडला इंग्रजीत 'डेस्क' म्हणतात. चार दिवस मी डेस्कच मोजत होते. पुढच्या डेस्कांवर कोण, मागच्यांवर कोण, कुठे एक आपला आणि एक पाहुणा.

गजाची गोष्ट सांगायला हवी, कारण तालमीचा निम्मा वेळ तिच्यावर जातो. गज खाली ओढला की सुरुवातीला वजन येतं, वर ढकलला की सूर फुलत जातो. पहिल्या व्हायोलिनच्या सगळ्या माणसांचा आवाज एक व्हायचा तर सगळ्यांचे गज एका दिशेने जायला हवेत. दिशा पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख, म्हणजे लीडर, ठरवतो आणि ती पेन्सिलीने प्रत्येक डेस्कच्या पानावर उतरवली जाते: खाली ओढायचा असेल तर खालची बाजू नसलेल्या चौकटीसारखी खूण, वर ढकलायचा असेल तर इंग्रजी 'व्ही'सारखी. तिसऱ्या भागात एका जागी कंडक्टरने हात थांबवला, लीडरकडे वाकून दोन वाक्यं बोलला, आणि क्षणात सगळ्या स्टँडांवरच्या पेन्सिली उचलल्या गेल्या. शाळेच्या वर्गात बाईंनी 'लिहून घ्या' म्हटल्यावर होतो तसा आवाज. मध्यंतरात मी एका डेस्कजवळ जाऊन पान पाहिलं. छापील सुरांभोवती शिसपेन्सिलीचं दाट रान होतं: गोल, बाण, चष्म्याचं चित्र (म्हणजे कंडक्टरकडे बघ), आणि रशियन लिपीतले शब्द. मला वाचता न येणारे.

या शहराला वादक बाहेरून का आणावे लागतात, हा प्रश्न मला तिथे बसल्या बसल्या फार छळत होता. कारण एके काळी ते इथेच होते. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. ती पोरं मोठी होऊन मुंबईला आली, हॉटेलांच्या बँडमध्ये आणि पुढे सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवू लागली. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे जो व्हायोलिनचा समुद्र उसळतो तो सेबॅस्टियन डिसोझांच्या हातचा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस संगीतकार प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते शिष्याने केलेल्या नमस्कारासारखं. याच गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये झेवियर्स कॉलेजच्या चौकात रागांवर बांधलेलं सिम्फनी संगीत सादर केलं आणि त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. त्याआधी, १९३५ मध्ये, झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला होता. म्हणजे हौस होती, कान होते, हात होते. पण त्या हातांना रोजची भाकरी रेकॉर्डिंग स्टुडिओ देत होते. ताडदेवला दिवसभर सिनेमाचं गाणं वाजवायचं आणि सुट्टीच्या दिवशी मनासारखं मोझार्ट वाजवायचं. नव्वदच्या दशकापर्यंत सिंथेसायझरने पन्नास व्हायोलिनांची जागा घेतली. भाकरी गेली, तेव्हा त्या घरांतल्या पुढच्या पिढीच्या हाती गज देण्याचं कारणही गेलं. मागच्या डेस्कांवर जी पोकळी दिसते तिचं मूळ मला तिथे दिसतं.

झाकीर हुसेन यांच्याकडून या ऑर्केस्ट्राने तबल्याचा कॉन्चेर्तो लिहून घेतला. 'पेशकार' २०१५ मध्ये पहिल्यांदा वाजला आणि २०१९ मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर त्यांच्याचसोबत गेला. मला तो मनापासून आवडतो. पण समोर तबला ठेवला म्हणून ऑर्केस्ट्रा या मातीचा झाला असं मी म्हणणार नाही. सातव्या डेस्कवर आतल्या बाजूला बसून पान उलटणारी मुलगी परळची किंवा वसईची असेल, आणि त्यात कोणाला विशेष काही वाटणार नाही, तेव्हा म्हणेन. त्या दृष्टीने मोठं पाऊल म्हणजे २०१२ ची संगीत अकादमी. ऑर्केस्ट्राचेच वादक तिथे लहान मुलांना रशियन पद्धतीने शिकवतात. नुसतं वाद्य नव्हे, सूर बघून गाणं आणि एकमेकांबरोबर वाजवणंही. तालमीच्या तिसऱ्या दिवशी दहा-बारा वर्षांची दोन मुलं बाल्कनीत येऊन बसली. मांडीवर नोटेशन उघडं. कंडक्टर थांबला की त्यांची बोटंही पानावर थांबायची. वाजवणाऱ्यांपेक्षा मी त्यांच्याकडेच जास्त पाहिलं.

पैशाचं गणित जगात कुठेच तिकिटांवर सुटत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ च्या पुस्तकात त्याचं कारण दाखवून दिलं. कारखान्यात तासाला निघणारा माल वाढत जातो, पण चार माणसांची बेथोव्हनची रचना वाजवायला आजही चारच माणसं लागतात आणि तेवढाच वेळ लागतो. पगार मात्र जगाबरोबर वाढतात. तेव्हा उरलेला खर्च कुणीतरी उचलायचा. मुंबईत तो उद्योगसमूह आणि काही मोठ्या मनाची घराणी उचलतात, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरीही चौथ्या दिवशी तालमीहून गिरगावात घरी परतताना आमच्या मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन जिना चढताना दिसली आणि वाटलं, एकशे एक रुपयांची वर्गणी देणारा माणूस मंडपात आपलेपणाने वावरतो, कारण त्याची पावती फाटलेली असते. ऑर्केस्ट्राला असे हजारो लहान पावत्यांचे लोक हवेत. मोठा धनादेश सीझन उभा करतो. पुढची पंचवीस वर्षं पावत्या उभी करतील.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी थिएटरच्या, पेटिट हॉलमधून आणलेल्या संगमरवरी जिन्यावर माणसांची ये-जा सुरू होती. गारा नेसलेल्या पारशी आज्या, वांद्र्याची ख्रिस्ती कुटुंबं, कॉलेजची मुलं. माझ्या शेजारी एक वयस्कर गोवेकर अंकल बसले होते. बोलता बोलता कळलं, ते तीस वर्षं स्टुडिओत व्हायोलिन वाजवत होते. आता बोटं वळत नाहीत म्हणाले. पहिला भाग संपल्यावर हॉलच्या मागून टाळ्या आल्या आणि पुढच्या काही जणांनी नाराजीने माना वळवल्या. मला त्या टाळ्यांचा राग येत नाही. मोझार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याच्या सिम्फनीच्या मध्येच लोकांनी टाळ्या वाजवल्याचं तो आनंदाने सांगतो. मागून टाळी आली याचा अर्थ आज कुणीतरी पहिल्यांदा आलं आहे.

मग दुसरा भाग, लार्गो. अगदी सुरुवातीला पितळी वाद्यांचे ते संथ, रुंद सूर येतात, एखादं जड दार हळूहळू उघडावं तसे. ट्यूबावाल्याने वाद्य उचललं. चार दिवस मी त्याला बसलेला पाहत होते, म्हणूनच कदाचित त्याचा सूर मला वेगळा ऐकू आला. वरच्या सगळ्या सुरांखाली घातलेल्या जोत्यासारखा. त्यावर कोर आंग्ले या वाद्याची ती धून सुरू झाली. अंकलच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती. व्हायोलिनचे सूर कुठे येतात ते त्या बोटांना आधी कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑर्केस्ट्राच्या लायब्ररीत निरोप घ्यायला गेले. नोटेशनच्या पानांचे दोन गठ्ठे होते. एक भाड्याने आणलेल्या नव्या रचनेचा; तो प्रकाशकाकडे परत जायचा, म्हणून लायब्ररियन आणि एक तरुण वादक खोडरबर घेऊन पान न् पान कोरं करत बसले होते. टेबलावर रबराचा करडा चुरा साचला होता. दुसरा गठ्ठा द्वोर्झाकचा. ती पानं घरची, त्यांवरच्या खुणा खोडत नाहीत, पुढच्या वेळी बसणाऱ्याला त्या लागतात. मी वरचं एक पान उचलून पाहिलं. दुसऱ्या व्हायोलिनच्या सातव्या डेस्कचं. रशियन अक्षरांच्या गर्दीत, लार्गोच्या शेवटाकडे जिथे वाद्यं एकेक करून थांबत जातात, त्या ओळीवर बारीक देवनागरीत कुणीतरी लिहिलं होतं: 'थांब. ऐक.'